क्रूझवरची सेफ्टी ड्रिल चुकवली तर चालते का?
पुण्याहून आईबाबांना घेऊन मुंबईच्या क्रूझवर निघालाय, बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून ड्रिल (संकटात काय करायचं याचा सराव) टाळायची का? अजिबात नको. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ खडकावर आदळली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्यांची ड्रिल दुसऱ्या दिवशी ठेवली होती! तेव्हा नियमात चढल्यापासून २४ तासांत ड्रिल घ्यायची सवलत होती. २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ड्रिल घ्यावीच लागते. सात आखूड भोंगे, मग एक लांब, म्हणजे मस्टर स्टेशनवर (संकटात जमायच्या ठरलेल्या जागी) जमायचं. एक्स्प्रेसवेवर घाटात अडकाल (अडकालच), तेव्हा बाबांना हे समजावून ठेवा. गुडघ्यांचं जहाजावर चढतानाच सांगा. भोंगे वाजल्यावर लिफ्ट वापरायची नसते, त्यामुळे खोलीजवळचा जिना आधीच बघून घ्या.