वाचकांचे प्रश्न : स्वतःचे छोटे विमान परवडते का?

प्रश्न : मी टेक्ससमधील ऑस्टिन येथे राहतो. गेल्या वर्षी मला खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला. फ्लाइंग स्कूलचे विमान शनिवार-रविवारी हवे तेव्हा मिळत नाही, त्यामुळे १९७८च्या सुमारास बनलेले सेसना १७२ हे चार आसनी विमान विकत घेण्याचा विचार आहे. किंमत साधारण एक लाख डॉलर सांगतात. पत्नी, दोन लहान मुले आणि मी असे आमचे कुटुंब असून वर्षाला ५० तास उड्डाण होईल. ताशी १८० डॉलर भाडे भरण्यापेक्षा स्वतःचे विमान स्वस्त पडेल का?
— एक वाचक, ऑस्टिन

उत्तर : नाही, ५० तासांत ते स्वस्त पडणार नाही. विमानाचा खर्च दोन खात्यांत मांडावा लागतो. पहिले खाते विमान उडो वा न उडो, दर महिन्याला पैसे मागते आणि दुसरे फक्त इंजिन चालू असतानाच मागते. हिशेबापुरते काही आकडे गृहीत धरू. हँगरचे (विमान ठेवण्याच्या बंदिस्त जागेचे) भाडे महिना ४०० प्रमाणे वर्षाचे ४,८०० डॉलर, विमा २,०००, वार्षिक तपासणी आणि तिच्यात निघणारी कामे ३,०००, वर्षभरात अचानक उपटणाऱ्या दुरुस्त्या २,५००, आणि नकाशे, नेव्हिगेशनचा डेटा, ट्रान्सपाँडरची (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या उपकरणाची) दर दोन वर्षांनी होणारी चाचणी वगैरे किरकोळ बाबी ७००. अशी स्थिर खर्चाची बेरीज १३,००० डॉलर होते. उड्डाणाच्या प्रत्येक तासाला साडेआठ गॅलन पेट्रोल, गॅलनला साडेसहा डॉलर धरल्यास, ५५ डॉलरचे, ऑइल आणि ऑइल बदलण्याचे ५, आणि इंजिनसाठी बाजूला टाकायचे २०, असे ८० डॉलर लागतात. म्हणजे ५० तासांना एकूण १७,००० डॉलर, तर तेवढ्याच तासांचे भाडे ९,०००. दोन्ही बाजू जुळायला वर्षाला १३० तास उडावे लागेल. शिवाय किमतीचे एक लाख डॉलर विमानात अडकून पडतात. त्यांवरचे साडेचार टक्के व्याज जमेस धरले तर हा आकडा १७५ तासांवर जातो. हँगर, विमा आणि पेट्रोल यांचे दर गावोगाव फार वेगळे असतात, तेव्हा आपल्या विमानतळावरचे दर विचारून हे गणित पुन्हा मांडावे.

इंजिनसाठीच्या त्या २० डॉलरबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण नवे मालक नेमके तेच विसरतात. या विमानातील लायकॉमिंग ओ-३२० इंजिनाचे ओव्हरहॉल (पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती) २,००० तासांनी करावे, असे निर्माते सांगतात. त्या कामाला ४०,००० डॉलर धरले की तासाला २० येतात. व्यवसायासाठी न वापरलेल्या खासगी विमानाच्या मालकावर ही तासांची मर्यादा कायद्याने बंधनकारक नाही आणि उत्तम चाललेले इंजिन पुढेही चालवता येते. परंतु निर्मात्यांनी तासांबरोबर १२ वर्षांची मुदतही घातली आहे, आणि कमी उडणाऱ्या मालकाने तिच्याकडे अधिक लक्ष द्यावे. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा फिरता दांडा, वरच्या बाजूला असतो. विमान काही आठवडे उभे राहिले की कॅमशाफ्टवरचे ऑइल निथळून खाली जाते, दमट हवेत उघड्या पोलादावर गंजाचे बारीक ठिपके धरतात आणि पुढे तो पृष्ठभाग झिजून त्याचा चुरा ऑइलमध्ये उतरतो. म्हणूनच जाणकार मेकॅनिक ऑइल बदलताना फिल्टर टाकून देत नाहीत. तो कापून आतला घडीचा कागद उलगडतात, उजेडात धरतात आणि चमकणारे कण शोधतात. तेव्हा ‘तीस वर्षांत फक्त ४०० तास चाललेले’ इंजिन अशी जाहिरात दिसली, तर त्या आकड्यावर भुलू नये. मला विचाराल, तर दर आठवड्याला उडालेले १,२०० तासांचे इंजिन मी त्याच्यापेक्षा वरचे मानीन.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न गारांचा आहे. उघड्यावर दोराने बांधून ठेवण्याची जागा हँगरच्या मानाने बरीच स्वस्त मिळते, पण मध्य टेक्ससमधला वसंतातला एक गारांचा मारा पंखांच्या पातळ अ‍ॅल्युमिनियमला खळगे पाडून जातो. अनेक विमानतळांवर हँगरसाठी प्रतीक्षायादी असते. तिच्यात नाव आधी घालावे आणि विमान नंतर पाहावे.

वापरलेली सेसना १७२ विमाने इतकी जुनी का असतात, याचे कारण अमेरिकेतील नुकसानभरपाईच्या दाव्यांत आहे. १९५६पासून बाजारात असलेल्या आणि आजवर ४४,०००हून अधिक संख्येने बनलेल्या या विमानाचे उत्पादन १९८६मध्ये थांबले. विमान कितीही जुने असले तरी अपघातानंतर निर्मात्यावर खटला भरता येत असे, आणि त्या जबाबदारीचा बोजा कंपन्यांना झेपेनासा झाला होता. १९९४च्या कायद्याने लहान विमानांच्या निर्मात्यांची जबाबदारी साधारणपणे १८ वर्षांपुरती मर्यादित केली, तेव्हा कुठे १९९६मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाले. आज नवे विमान चार लाख डॉलरच्या वर जात असल्याने बहुतेकांची नजर सत्तरीच्या दशकातल्या विमानांकडेच वळते. ती वाईट नसतात, मात्र त्यांचे कागद पाहावे लागतात. लॉगबुके (देखभालीच्या नोंदवह्या) पहिल्या दिवसापासून सलग आहेत का, सक्तीच्या सुरक्षा-निर्देशांची पूर्तता नोंदलेली आहे का, १ जानेवारी २०२०पासून बहुतेक नियंत्रित हवाई क्षेत्रात आवश्यक झालेले एडीएस-बी (विमानाचे स्थान आपोआप प्रसारित करणारे) उपकरण बसवले आहे का, हे तपासावे. ओक्लाहोमा सिटीतील नोंदणी कार्यालयातून त्या विमानावर कोणाचे कर्ज उभे नाही ना, याचा शोध घ्यावा. खरेदीपूर्व तपासणी मात्र विक्रेत्याचे विमान वर्षानुवर्षे पाहणाऱ्या मेकॅनिककडून करून घेऊ नये. तो प्रामाणिक असला तरी स्वतःच्याच कामावर बोट ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून कशी करणार? इथे हजार डॉलर वाचवणाऱ्याला पुढे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणजे काय ते कळते.

चार आसने म्हणजे चार माणसे, हाही एक गैरसमज आहे. त्या वर्षांच्या मॉडेलचे कमाल वजन २,३०० पौंड. रिकामे विमान १,४२० पौंडांचे धरले तर हाती ८८० पौंड उरतात. वापरण्याजोगे ४० गॅलन पेट्रोल भरले की, गॅलनला सहा पौंड या हिशेबाने, २४० पौंड गेले. उरलेल्या ६४० पौंडांत प्रत्येकी ७२ किलोची चार मोठी माणसे जेमतेम बसतील आणि पिशवीसुद्धा घेता येणार नाही. आपली मुले लहान आहेत, त्यामुळे सध्या निभेल. आजी-आजोबा पुण्याहून आले, की दोन फेऱ्या कराव्या लागतील.

मग मालकीतून मिळते काय? शनिवारी सकाळी आकाश निवळले की किल्ली आपल्याच खिशात असते, कॉर्पस क्रिस्टीला रस्त्याने साडेतीन तास लागतात तिथे दीड तासात उतरता येते आणि रविवारी परतायला हवा बरी नसेल तर विमान परत नेऊन देण्याची घाई नसते. शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण भाड्याचे विमान वेळेत परत करण्याच्या दडपणाखाली वैमानिक नको तेव्हा उडतात. हे सुख वर्षाला आठ हजार डॉलर जास्त देण्याइतके आहे असे वाटत असेल, तर जरूर घ्यावे, फक्त त्याला बचत म्हणू नये.

तिघांनी मिळून विमान घेतले आणि प्रत्येकाने ५० तास उड्डाण केले, तर विमा थोडा वाढूनही माणशी खर्च ९,०००च्या आसपास, म्हणजे भाड्याइतकाच येतो. विमान वर्षाला १५० तास चालल्याने इंजिनही चांगले राहते. आपल्या बाबतीत माझा कौल याच मार्गाला आहे. मात्र शनिवारचे वाटप, ओव्हरहॉलचा निधी आणि एखाद्याला बाहेर पडायचे असल्यास त्याच्या हिश्शाची किंमत कशी ठरवायची, हे आधी लेखी करावे. मित्रांमध्ये कागद कशाला, असे वाटते खरे, पण भीड ही भिकेची बहीण असते.

प्रश्न : असेच विमान महाराष्ट्रात ठेवता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कायद्याने येते, पण सोयीने नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेची कागदपत्रे करावी लागतात, उड्डाणापूर्वी आराखडा देऊन हवाई संरक्षणाची परवानगी घ्यावी लागते, आणि डोळ्यांनी पाहून उडण्याच्या नियमांखाली सूर्यास्तानंतर उडता येत नाही. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५,००० विमानतळ आहेत. आपल्याकडे बारामती, कऱ्हाड, धुळे अशा धावपट्ट्या मोजक्याच आहेत. या इंजिनांना लागणारे १०० एलएल पेट्रोल २०२२पर्यंत पूर्णपणे आयात होत असे. आता इंडियन ऑइल ते वडोदऱ्याजवळच्या शुद्धीकरण कारखान्यात बनवते, तरी ते प्रत्येक धावपट्टीवर मिळत नाही. हौस असेल तर प्रशिक्षण संस्थेच्या विमानावर तास भरणे शहाणपणाचे.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. विमान माझ्या नावावर होईल का, आणि सोबत येणाऱ्या मित्रांकडून खर्च घेता येईल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : वैमानिकाच्या परवान्याला नागरिकत्वाची अट नाही, पण वैयक्तिक नावाने विमानाची नोंदणी फक्त अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकालाच करता येते. ट्रस्टच्या नावाने नोंदणीचा मार्ग उपलब्ध असला तरी त्याचा वार्षिक खर्च एवढ्या लहान विमानाला शोभत नाही. ग्रीन कार्ड येईपर्यंत फ्लाइंग क्लबचे सभासद व्हावे. कोणी केवळ दायित्व टाळण्यासाठी एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) काढण्याचा सल्ला दिला तर हेही ध्यानात असावे, की वैमानिकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणापासून एलएलसी त्याला वाचवत नाही.

मित्रांकडून पैसे घेता येतात, पण मर्यादेत. पेट्रोल, ऑइल, विमानतळाचे शुल्क आणि विमान भाड्याचे असल्यास ते भाडे, एवढ्याच बाबी वाटून घेता येतात. वैमानिकाने स्वतःचा समान हिस्सा भरलाच पाहिजे आणि प्रवासाचे प्रयोजन सर्वांचे एक असले पाहिजे. चौघे गेलात आणि या बाबींचा खर्च २०० डॉलर झाला, तर तिघांकडून मिळून १५०हून अधिक घेता येणार नाहीत. पुढे विमान स्वतःचे झाले, तरी हँगर, विमा आणि इंजिनचा निधी या वाटणीत धरता येत नाही, तो भार मालकाचाच.