दोर धरायच्या आधी

बाळा,

तुझा मेसेज रात्रीच वाचला पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. कड्यावरून रॅपलिंग करून, म्हणजे दोरानं खाली उतरून, हॉस्पिटलसाठी पैसे उभे करायलीस, लई बरं वाटलं. पण घाटीत, आपल्या संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, कधी रात्रीचं गेलीस का? जालना, बीड, परभणीहून आलेली माणसं व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपलेली असतात, पेशंट आत आणि बाहेर ह्यांच्या हातात औषधाची चिठ्ठी. एकदा जाऊन ये, वॉर्डातल्या सिस्टरला विचार काय कमी पडतंय ते. आपल्या मनानंच व्हीलचेअर ठरवून टाकू नको.

स्कॉटलंडात टेसाइड म्हणून भाग आहे, तिथल्या डॉक्टरांनी ५ वर्षांचा हिशोब काढला होता, १९९९ ला छापून आला. पॅराशूटनं उडी मारताना जखमी होऊन दवाखान्यात आलेले जवळपास सगळे चॅरिटीसाठी पहिल्यांदाच उडी मारणारे होते, आणि गोळा झालेल्या दर १ पाउंडामागं तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला १३.७५ पाउंड खर्च आला. रॅपलिंग म्हणजे पॅराशूट नाही, मान्य, पण तू ज्यांच्यासाठी उतरायलीस त्यांचाच एक बेड तू अडवला तर काय उपयोग गं?

म्हणून सेफ्टीत एक रुपया वाचवायचा नाही. कॅराबिनरवर, म्हणजे दोर अडकवायच्या कडीवर, २२ केएन (किलोन्यूटन) असं कोरलेलं दिसलं तर त्याचा अर्थ साधारण २२०० किलोचा ताण, म्हणजे कडी तुटायची भीती नको, चूक होती ती माणसाच्या हातानं, कडीचा स्क्रू उघडा राहिला, हार्नेसचं म्हणजे कमरेच्या पट्ट्याचं बकल अर्धवट ओवलं, ओढणी नाहीतर मोकळे केस डिसेंडरमधे, दोर ज्यातून सरकतो त्यात, गुंतले. दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय कड्याकडं जायचंच नाही, आणि बिलेचा, म्हणजे दुसऱ्यानं धरलेला सुरक्षेचा, दोर वेगळा पाहिजे म्हणजे पाहिजे. ब्रेकचा हात, म्हणजे डिसेंडरखालचा दोर धरलेला हात, काही झालं तरी सोडायचा नाही. कड्याच्या टोकावर मागं झुकताना जीव घाबरतो, वाटतं दगडाला बिलगावं, आणि बिलगलं की पाय सटकतात, पाय फाकवून तळवे कातळाला टेकव आणि मागं बस, खुर्चीत बसल्यासारखी.

आणि आपल्याकडच्या कड्यांना आग्यामोहोळ असतात. आदल्या दिवशी दुर्बिणीनं बघून या, सेंट लावून कुणाला येऊ देऊ नको, धूर करू नको. मोहोळ दिसलं तर जागाच बदल, कितीही पोस्टर छापलेले असू दे.

पैशाचं सांगतो, कारण तिथं मी चुकलोय. आमच्या एका कार्यक्रमात दोर, गाडी, जेवण सगळं देणगीतूनच गेलं आणि एका म्हाताऱ्या मास्तरांनी विचारलं, माझ्या शंभरातले दवाखान्यात किती पोचले? मला सांगता आलं नाही. अजून ते डोळ्यासमोर येतं. तुम्ही खर्च आधी आपसात वर्गणी काढून भागवा, देणगी थेट दवाखान्याच्या खात्यात जाऊ द्या, तुझ्या फोनवर घेऊ नको, आणि दहा रुपये देणाऱ्यालाही पावती.

माझे ५०० लिहून घे. रविवारी सगळे दोर घेऊन ये, गच्चीवर बसून एकेक फूट हातातून सरकवून बघू कुठं कापलाय, कुठं फुगलाय ते.