ही तर काकांची गाडी!

तुमची गाडी, तुमचे प्रश्न. उत्तरं कराडच्या आमच्या गॅरेजवाल्याकडून

प्रश्न : मी 23 वर्षांची आहे, बारामतीत नोकरी करते. उंची पाच फूट एक इंच. मला क्रूझर, म्हणजे बुटक्या सीटची, पाय पुढे टाकून बसायची मोटरसायकल घ्यायची आहे. भाऊ हसतो, म्हणतो ही पोट सुटलेल्या काकांची गाडी. आमच्या वयाच्या मुलामुलींना ही गाडी आवडते त्यात काही तथ्य आहे, की नुसतं रीलचं वेड?
— एक वाचक, बारामती

उत्तर : ताई, भाऊ बोलतोय ते एके काळी खरं होतं. 2001 साली बजाजने कावासाकीची एलिमिनेटर आणली. 2002 मध्ये एन्फिल्डची थंडरबर्ड आली. 2005 मध्ये एलिमिनेटरच्याच अंगलटीची, पण पल्सरचं इंजिन घातलेली ॲव्हेंजर आली. तेव्हा माझ्याकडे या गाड्या घेऊन यायचे ते डॉक्टर, ठेकेदार, नाहीतर कुठल्यातरी सोसायटीचे चेअरमन. पोरं पल्सरवर टाकीला पोट टेकवून सुसाट. आता 2020 च्या शेवटी आलेली एन्फिल्डची मीटिऑर सर्व्हिसिंगला घेऊन येणाऱ्यांत पुष्कळ जणांना धड मिशी फुटलेली नसते. मुलीही येतात, आणि चावी स्वतःच्या हाताने देतात.

रीलचा वाटा आहे, नाकारून उपयोग नाही. पण रील बघून घेतलेली गाडी माणूस सहा महिन्यांत विकायला काढतो. या पोरांनी ठेवल्या, म्हणजे काहीतरी पटलंय.

पहिलं कारण सीटची उंची. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून 785 मिलिमीटर, क्लासिक 350 ची 805. मीटिऑरची 765 आणि ॲव्हेंजर 220 ची 737. कागदावर हा फरक बोटभर वाटतो. सिग्नलला मात्र तोच ठरवतो की दोन्ही तळवे टेकणार, की एका पायाच्या चवड्यावर गाडी पेलत उभं राहायचं. तुमच्या उंचीच्या माणसाला आजवर स्कूटर सोडून दुसरं काही सुचवलंच जात नव्हतं.

दुसरं कारण इंजिनाच्या स्वभावात आहे. मीटिऑरचा सगळा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायची ओढ, 27 न्यूटन मीटर, इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेतं तेव्हाच (4000 आरपीएमला) हाताशी येतो. पल्सर एनएस 200 ला तिचा 18 च्या वरचा टॉर्क गाठायला 8000 पर्यंत पिळावं लागतं. म्हणून मीटिऑर चौथ्या गिअरमध्येही रिक्षामागून निमूट चालते, सारखं क्लच-गिअर करावं लागत नाही. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या घाईत असणाऱ्या पोरांना संध्याकाळी अशी गाडी बरी वाटली, तर मला नवल वाटत नाही.

तिसरं कारण कुणी उघड बोलत नाही. या गाडीला घरचे नाही म्हणत नाहीत. ड्यूकसारखी सुसाट गाडी म्हटलं की आईच्या डोळ्यांपुढे ॲम्ब्युलन्स येते. क्रूझरवर पोरगी ताठ बसते, गाडी जड आणि सभ्य दिसते, आणि वडिलांनाही मनातून ती एकदा चालवायची असते. किती तरी घरांत मी हा तह झालेला बघितला आहे.

आता या गाडीचा दोषही सांगतो. ही बैठक जन्मली अमेरिकेच्या लांब, सरळ रस्त्यांवर. पाय पुढे टाकून बसलं की खड्डा आल्यावर फुटरेस्टवर उभं राहता येत नाही. साध्या गाडीवर आपण नकळत बूड उचलतो, इथे सगळा दणका माकडहाडाला. बारामतीतले रस्ते त्या मानाने चांगले, पण रोज आडवाटेने शेतावर जाणार असाल तर मी तरी ही गाडी घेऊ नका म्हणेन.

शोरूममध्ये नुसतं बसून फोटो काढू नका. हॅन्डल पूर्ण वळवून बघा, लांबच्या बाजूचा हात खांद्यातून ओढला जातो का. उजवा पाय ब्रेकवर नीट पडतो का, की टाच हवेत राहते. आणि उताराकडे तोंड करून गाडी लावायला सांगा, मग बसल्या जागेवरून पायांनी मागे रेटा. मीटिऑर 191 किलोची आहे, ॲव्हेंजर 163. पार्किंगमध्ये रोज हीच परीक्षा आहे. सेल्समन तोंड वाकडं करेल, करू द्या.

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा आहे, आजवर फक्त स्कूटर चालवली. आता त्याला सुपर मीटिऑर 650 च हवी. म्हणतो, खाली बसते म्हणून सोपी आहे. कॉलेजला कराडला असतो, दर शनिवारी कुंभार्ली घाटातून घरी येणार. घेऊन द्यावी का?
— एक पालक, चिपळूण

उत्तर : साहेब, आत्ता नको. सीट 740 मिलिमीटर, म्हणजे मीटिऑरपेक्षाही खाली, हे तो खरं बोलतोय. वजन 241 किलो आहे हे बोलत नाहीये. स्प्लेंडर 112 ची. म्हणजे दोन स्प्लेंडर एकावर एक ठेवून त्याने घाटात पावसात यू-वळणावर थांबायचं. चालती असताना कुठलीही गाडी हलकी वाटते. पडतात त्या बहुतेक थांबताना आणि वळवताना. जमिनीपासूनचं अंतरही 135 मिलिमीटरच, उंच गतिरोधकाला पोट घासतं.

पैशाचंही बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी 18 टक्के झाला, त्यावरच्यांवर 40. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही 350 च्या वर दुपटीच्या आसपास जातो. पोराला 350 सीसीच्या आतली गाडी घेऊन द्या, एक पावसाळा घाटात काढू द्या. त्यानंतरही 650 च म्हणाला तर अडवू नका, तोवर त्याला काय मागतोय ते कळलेलं असेल. आणि हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही लागतं. कायदाच आहे तो, दुसरं हेल्मेट त्याच दिवशी घ्या.

प्रश्न : ॲव्हेंजर सेकंडहँड घेतली. क्रूझरसारखा आवाज येत नाही. सायलेन्सर बदलून मिळेल का? शिवाय मागून टकटक ऐकू येते.
— एक वाचक, पाटण

उत्तर : सायलेन्सर माझ्याकडे बदलून मिळणार नाही. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात, बातम्या वाचल्या असतील. शिवाय मोकळा सायलेन्सर लावून नुसता आवाज वाढतो, खालचा पिकअप उलट मार खातो. टकटक मात्र आधी बघा. गाडी मधल्या स्टँडवर किंवा जॅकवर घ्या, मागचं चाक हाताने सावकाश फिरवा. चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल लागली, तर चेनसेट संपलाय. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं, एकत्रच बदला. चेन सगळीकडे सारखी लागली तर मागच्या शॉकपचे बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबर, तपासून घ्या.