एकदिवसीय क्रिकेट पूर्वीपेक्षा नेमकं किती बदललं आहे?
१९७५च्या विश्वचषकात इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या आणि आपले गावसकर १७४ चेंडू खेळून ३६ धावांवर नाबाद राहिले! १९८३चा अंतिम सामना तर आपण १८३ धावांच्या जोरावर जिंकलो. आज एवढ्या धावांवर कुणी निवांत झोपणार नाही. जाड बॅट, ट्वेंटी-२०ची सवय हे आहेच, पण माझ्या मते खरा फरक नियमांनी पाडला. २०११पासून दोन्ही टोकांकडून वेगळा नवा चेंडू आला. एकेक चेंडू जेमतेम २५ षटकं जुना होणार, मग रिव्हर्स स्विंग (जुना चेंडू हवेत नेहमीच्या उलट दिशेला वळणं) कुठून मिळणार? त्यात ११ ते ४० षटकांत ३० यार्डांच्या वर्तुळाबाहेर, म्हणजे सीमारेषेकडे, चारच क्षेत्ररक्षक. फिरकीपटूंचे हाल विचारूच नका. २०२५पासून मात्र ३४ षटकांनंतर एकच चेंडू ठेवतात.