मालकी नंतर, आधी संघाची वही

नाशिकच्या सिडकोतल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी कॉमर्सला आहे. तबल्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली, पुढच्या विशारदची तयारी चालू आहे. मध्येच त्यानं एका फुटबॉल क्लबचा मालक झालेल्या एल्टन जॉन या इंग्रज गायक-पियानोवादकाबद्दल वाचलं आणि आता म्हणतो, 'मी संघाचा मालक होणार.' वडिलांचं म्हणणं, तबला बंद कर आणि सीएच्या मागे लाग. आईचा प्रश्न असा की मालक होण्यासाठी कोणता कोर्स असतो?

नमस्कार ताई,

असा कोर्स नसतो. संघ विकत घ्यायला पैसा लागतो आणि तो आधी दुसरीकडे कमवावा लागतो. हे मुलाला आजच स्वच्छ सांगा. पण त्याच्या बोलण्यावर हसू नका, कारण त्यानं उदाहरण फार चांगलं निवडलं आहे.

एल्टन जॉन अकराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शनिवारी शिकायला जायचा. पुढे पोरवयातच पबमध्ये पियानो वाजवून पैसे मिळवू लागला. लहानपणी वडिलांबरोबर ज्या वॉटफर्ड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचे सामने पाहिले, त्याच क्लबचा तो 1976 मध्ये अध्यक्ष झाला. तेव्हा क्लब इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या चौथ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीत होता. 1977 मध्ये त्यानं ग्रॅहम टेलर यांना प्रशिक्षक-व्यवस्थापक म्हणून आणलं. 1982 मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि 1983 मध्ये लिव्हरपूलच्या खालोखाल दुसरा आला. 1984 मध्ये एफए कप या इंग्लंडमधल्या मानाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनकडून 0-2 हरला.

संघात कुणाला खेळवायचं, कसं खेळवायचं, हे टेलर बघत. मालकाचं खरं काम योग्य माणूस शोधायचं, त्याला साधनं पुरवायची आणि मग हात आवरायचे. तुमच्या मुलाला हे तबल्यावर बसून कळलेलं आहे. गायकाच्या साथीला विलंबित, म्हणजे संथ लयीच्या एकतालात अर्धा-पाऊण तास नुसता ठेका धरायचा, गायकानं जागा दिली की चार आवर्तनं वाजवायची, आणि समेवर येऊन पुन्हा ठेका. हात शिवशिवत असतात, तरी थांबायचं. हा संयम कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. म्हणून तबला बंद करू नका, हे मी अगदी मनापासून सांगते. विशारद होऊ द्या.

वडिलांचं मात्र अर्धं म्हणणं बरोबर आहे. संघ चालतो तो प्रायोजक, तिकिटं, प्रक्षेपणाच्या हक्कांचा वाटा आणि खेळाडूंचं मानधन या हिशेबावर. 2014 मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीत खेळाडू लिलावात घेतले जातात आणि खर्चाला मर्यादा असते. कुणासाठी बोली लावायची आणि कुठे थांबायचं, हे आकड्यांशिवाय ठरत नाही. तेव्हा बी.कॉम. करू दे, झेपत असेल तर सीएची पहिली परीक्षा, फाउंडेशनही. त्यानंतर क्रीडा व्यवस्थापन. पुण्यात सिंबायोसिसच्या क्रीडाशास्त्राच्या संस्थेत आणि मुंबईत आयआयएसएम या क्रीडा व्यवस्थापनाच्या संस्थेत ते शिकवतात. फी आणि प्लेसमेंट दोन्ही प्रत्यक्ष जाऊन विचारा. या शिक्षणातून नोकरी मिळते ती संघाच्या कार्यालयात, सामन्याच्या आयोजनात, प्रायोजक सांभाळण्यात. मालकीची वाट निघालीच, तर तिथून पुढे.

आणि यातलं काहीही ठरवण्याआधी त्याला या उन्हाळ्यात एका संघाचा मॅनेजर होऊ द्या. गोल्फ क्लब मैदानावर किंवा घराजवळच्या कुठल्याही मैदानावर सुट्टीतल्या स्पर्धा असतातच. मी एकदा अशा स्पर्धेत सकाळी सातला पोहोचले होते. पाण्याचे जार आले नव्हते, स्कोअरर आजारी पडला होता, एक खेळाडू भगूरहून येताना टायर पंक्चर होऊन अडकला होता. आणि संघाचा एक विशीतला पोरगा फोन कानाला लावून, दुसऱ्या हातानं वहीत पंचांचं मानधन लिहीत सगळं जुळवत होता. त्या दिवशी त्याचा संघ हरला. तो सगळ्यांचे डबे मोजून, किट बॅग भरून शेवटी निघाला, आणि त्याचा चेहरा खुललेला होता.

तुमच्या मुलाचा चेहरा तसा होतो का, हे महिन्याभरात कळेल. त्यानं लिहिलेली जमाखर्चाची वही मला पाठवा. पुढचं आपण ती बघूनच बोलू.