‘इतकं नाव कमावलेल्या नटांचा शेवट हलाखीत का झाला?’ : सांगलीतून एक उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे : ‘जुन्या संगीत नाटकांतल्या नटांनी एके काळी खोऱ्यानं पैसा ओढला. मग त्यातल्या इतक्या जणांचे शेवटचे दिवस हलाखीत कसे गेले? उधळपट्टी हेच कारण ना?’

नाही. असं कुणी म्हटलं की मला फार वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सांगलीच्या गावभागातला. आमच्या पणजोबांचं किराणा दुकान होतं. त्यांची एक खतावणी अजून माळ्यावरच्या पेटीत आहे, लाल कापडाच्या बांधणीची. अक्षर मोडी. मला मोडी येत नाही, पण काकांनी एकदा बोट ठेवून वाचून दाखवलं होतं. त्यात एका नाटक मंडळीचं खातं आहे. तांदूळ, तूरडाळ, गूळ, साखर, चहा, आणि दर आठवड्याला खोबरेल. एवढं खोबरेल कशाला, असं मी विचारलं, तर काका म्हणाले, “रंग उतरवायला. सफेदा नुसत्या पाण्यानं जात नाही.” पाऊस लागला की त्या खात्यात नावेची, म्हणजे उधारीची, बाजू भरत जाते आणि जमेची बाजू कोरी राहते. प्रयोग होवो न होवो, बिऱ्हाडातली माणसं दोन वेळा जेवणारच.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पानांत आहे. त्या काळचा मोठा नट बहुधा नुसता नट नसायचा, कंपनीचा मालक किंवा भागीदारही असायचा. नट, साथीदार, पडदे ओढणारे, कपडेपटवाले, आचारी, सगळ्यांचे पगार त्याच्या डोक्यावर. पडदे, पोशाख, ट्रंका घेऊन गावोगाव जायचं, त्याचं भाडं वेगळं. तिकिटांचा पैसा आला की आधी सावकाराकडे जायचा. लोकांना दिसायचा तो खिडकीवरचा गल्ला, वही कुणाला दिसायची नाही.

हे अगदी पहिल्यापासून असंच आहे. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, त्यामागे सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांचा राजाश्रय होता. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ राजेसाहेबांनी पाहिला आणि असं काही मराठीत करा, असं भाव्यांना सांगितलं. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि आधार सुटला. मग तिकीट लावून गावोगाव खेळ करण्याशिवाय इलाज राहिला नाही. मंडळी मुंबईपर्यंत गेली, नाव झालं. तरी पुढच्या दहा-बारा वर्षांत भाव्यांनी नाटकातून अंग काढून घेतलं. त्यानंतर १९०१ पर्यंत ते हयात होते. आज ज्यांच्या नावानं रंगभूमी दिन पाळतो, त्यांची रंगभूमीवरची कारकीर्द वीसेक वर्षांचीच.

मा. दीनानाथ मंगेशकरांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण त्यांचं दुःख आमच्या गावात घडलं. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली, तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. ‘भावबंधन’, ‘रणदुंदुभी’, ‘संन्यस्त खड्ग’ या नाटकांनी कंपनी गाजली. सांगलीत त्यांचं बिऱ्हाड होतं, लताबाईंचं बालपण इथंच गेलं. आणि मग बोलपट आला. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा, तोही इथून जवळच्या कोल्हापुरात तयार झालेला. जो प्रेक्षक रात्रभर संगीत नाटकाला बसायचा तो आता कमी पैशांत, कमी वेळात बोलपट पाहून घरी जाऊ लागला. नाटक कंपन्यांपुढे दोनच वाटा होत्या : बंद करा, नाहीतर तुम्हीही बोलपट काढा. दीनानाथांनी दुसरी वाट धरली. १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढला. तो चालला नाही आणि सगळी घडी विसकटली.

याला उधळपट्टी म्हणायचं? मला तर तो बुडणारी कंपनी वाचवण्याचा प्रयत्न दिसतो. २४ एप्रिल १९४२ रोजी ते पुण्यात गेले तेव्हा वय होतं ४१. थोरल्या लताबाई बारा वर्षांच्या. त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’मध्ये त्या तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. भागीदार चिंतामणराव कोल्हटकरांचं ‘बहुरूपी’ हे आत्मचरित्र मिळवून जरूर वाचा. त्याला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, पण मी ते वाचायला सांगतो ते नाटकवाल्याचा संसार आतून कसा असतो ते कळावं म्हणून.

बालगंधर्व आमच्या पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे. १२ मार्च १९११ ला ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. नाटक सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, नायिका भामिनी झाले होते बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, आणि प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला. लोक हे त्यांच्या कलानिष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतात, ते खरंच आहे. मला त्यात एवढंच जोडावंसं वाटतं की एका प्रयोगावर किती घरांच्या चुली अवलंबून असतात, हे त्या माणसाला ठाऊक होतं. पुढे स्वतःच्या गंधर्व नाटक मंडळीवर कर्ज चढलं ते त्यांनी आपल्या शिरावर घेतलं आणि वर्षानुवर्षं गाऊन फेडलं. त्यांच्या उंची शालूंवर आणि अत्तरांवर लोक बोट ठेवतात. खर्च होताच, नाकारत नाही. पण तो रंगमंचावर, प्रेक्षकासाठी होता. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले. त्या पडद्यावर त्यांचा जीव रमला नाही, ते परत नाटकाकडे वळले. १९६४ ला पद्मभूषण मिळालं, १९६७ ला गेले. शेवटची वर्षं पायांनी अधू होऊन काढली.

तमाशाची गोष्ट वेगळी नाही. पठ्ठे बापूराव म्हणजे वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. घरदार, जात सोडून फडात, म्हणजे तमाशाच्या मंडळीत, गेले. त्यांच्या लावण्या अजून गावोगाव गातात, आणि ते स्वतः १९४५ मध्ये विपन्नावस्थेत गेले. फडात आजही ‘उचल’ चालते : कलाकार हंगामाआधी फडमालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतो, फडमालक सावकाराकडून. एका जत्रेची सुपारी, म्हणजे ठरलेला खेळ, पावसानं गेली की साखळीतल्या सगळ्यांना झळ बसते.

कंपन्या गेल्या, कंत्राटदार आले, नट ‘नाइट’वर, म्हणजे प्रयोगागणिक पैसे घेऊन, काम करू लागला. तेव्हा कर्जाचं ओझं उतरलं, पण महिन्याचा पगारही गेला. म्हणून पुढची पिढी हातातली नोकरी, व्यवसाय लवकर सोडायची नाही. साताऱ्यात जन्मलेले डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. पूर्णवेळ नट झाले ते १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आलं.

आणि आशालता वाबगावकर. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’ नाटकातला त्यांचा आवाज ऐका. सप्टेंबर २०२० मध्ये त्या साताऱ्यात एका मालिकेच्या चित्रीकरणाला आल्या होत्या, तिथं कोरोना झाला आणि तिथंच गेल्या. वय ७९, आणि अजून सेटवर उभ्या.

तर आमच्या खतावणीतलं ते नाटक मंडळीचं खातं. दर पाडव्याला पणजोबा नवी वही घालायचे आणि येणं ‘मागील वहीवरून’ म्हणून पुढं ओढायचे. बाकी सगळ्यांचं ओढलंय. एका पाडव्याला मंडळीचं ओढलेलं नाही. आकड्याखाली रेघ मारून पुढं दोनच शब्द आहेत, ‘खाते पुरे’. जमेला काही नाही. काका म्हणायचे, ती कंपनी त्या साली मोडली. पणजोबा मागायला गेले नाहीत, आणि घरात कुणी त्याबद्दल त्यांना कधी विचारलंही नाही.