गप निजलेलं बाळ

गोव्यातल्या डिचोलीहून एका आईचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं. चतुर्थीच्या आदल्या रात्री चार वर्षांच्या लेकीला १०२ ताप आला. नेवऱ्या (करंज्या) तळायच्या सोडून ही तिला घेऊन डॉक्टरकडे निघाली. सासूबाई म्हणाल्या, "भुरग्यांक जोर येताच", म्हणजे मुलांना ताप येतोच. मुलीने गाडीत बसल्याबसल्या नेवरी मागितली. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवलं आणि तेव्हापासून घरात हिचं नाव 'घाबरट'. "सासूबाईंना कसं समजावू?" असं ती विचारते.

बाय, मुलीच्या बाबतीत तुझी सासू बरोबर होती. तापातही नेवरी मागणारं, लघवी नीट होणारं चार वर्षांचं मूल एक रात्र घरी राहू शकतं. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, पेज, पाणी, बस. पावसाळ्यात ताप तिसऱ्या दिवशीही हटला नाही तर मात्र मलेरिया-डेंग्यूची रक्ततपासणी करायची. आणि ताप उतरला म्हणून लगेच निर्धास्त व्हायचं नाही. डेंग्यूत पोटदुखी, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार पडलेले हातपाय हे सगळं बहुतेकदा ताप उतरतानाच सुरू होतं.

पण मी अडकले ते तुझ्या तिसऱ्या पानावरच्या अर्ध्या ओळीत. "धाकट्याचंही अंग त्या रात्री जरा गरम लागलं, पण तो दीड महिन्याचा, गप निजून होता, दूधही मागितलं नाही, म्हणून बरं झालं."

बरं झालं?

घरात दोन पोरं गरम. जिच्यावरून तुम्ही भांडलात ती नेवरी मागत होती. ज्याला त्या क्षणी उचलून न्यायला हवं होतं, त्याला कुणी थर्मामीटरही लावला नाही. तूसुद्धा नाही. तो बचावला हे नशीब, त्यात कुणाचंच शहाणपण नाही. इतक्या लहान बाळाचं शरीर जंतूंना एका जागी अडवू शकत नाही. लघवीतला संसर्ग रक्तात, मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो, आणि बाळ त्याबद्दल अनेकदा रडूनसुद्धा सांगत नाही. दूध सोडतं, गप पडून राहतं, एवढंच.

धाकटा अजून तीन महिन्यांच्या आतला आहे. तोवर त्याचा ताप १००.४ झाला, म्हणजे ३८ सेल्सिअस, की त्याच तासाला इस्पितळ. काखेत आकडा थोडा कमी येतो, तेव्हा ९९.५ दिसला तरी निघ. दूध घेत नसेल, उठवूनही नीट जागा होत नसेल तर आकडा न बघताच निघ. औषध घालून सकाळची वाट बघायची नाही. म्हापशाचं जिल्हा इस्पितळ नाहीतर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. गाडी नसेल तर १०८. आणि निघताना कुणाची परवानगी मागायची नाही. चतुर्थी असली तरी.

सासूबाईंना काय समजावायचं ते मी सांगणार नाही. मुलीसाठी तू त्यांच्याशी भांडलीस, त्यातलं निम्मं बळ धाकट्यासाठी राखून ठेव.

आज संध्याकाळी फार्मसीतून एक डिजिटल थर्मामीटर आण. सासऱ्यांच्या कपाटातला, मागून घ्यावा लागणारा नको, तुझा स्वतःचा. बाळ बरं असतानाच एकदा लावून बघ, त्याचा नेहमीचा आकडा तुला ठाऊक असू दे. मग पाळण्याच्या दोरीला पिशवी बांधून त्यात ठेव.